खिशाचा शर्ट

आमच्या घरी खिसे उसवायची पद्धत होती. शिंप्याकडून अण्णांचा नवा शर्ट आला की आई तो आधी मांडीवर घ्यायची, ब्लेडने खिशाची शिवण अलगद कापायची, दोरे निवडायची आणि मगच तो शर्ट पहिल्यांदा पाण्यात पडायचा. शिंप्यालाच सांगून बिनखिशाचा का शिवून घेत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर आई म्हणाली, कापडाचे पैसे आपणच दिलेत, खिसा त्याला कशाला सोडायचा? उसवलेल्या खिशांची चळत ट्रंकेत साठत गेली आणि त्यातून माझ्या बाहुलीला जन्मभर पुरतील इतके परकर झाले. एकाच मापाचे, सगळे पांढरे. माझी बाहुली कायम शोक पाळत असल्यासारखी दिसायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. कुठल्या प्रेसमध्ये, असं नाशिक रोडला कुणी विचारत नाही. तिथे नोटा छापतात आणि छापणाऱ्यांची रोज बाहेर पडताना झडती होते, हे आम्हा कॉलनीतल्या पोरांना पाळण्यातच कळायचं. ‘झडती’ हा शब्द मला ‘आंघोळ’ या शब्दासारखाच रोजचा वाटे. सकाळी पहिला भोंगा झाला की आईचा स्टोव्ह पेटायचा, दुसऱ्या भोंग्याआधी अण्णा दारात उभे राहून दोन्ही हात वर करायचे, आणि आई त्यांना खांद्यापासून पायापर्यंत चाचपायची. तिथल्या झडतीआधीची ही आमची घरगुती झडती. घरातला एखादा चिटोरा चुकून अंगावर राहिला आणि संध्याकाळी दारात सापडला, तर तो कुठला हे सांगत बसावं लागेल, म्हणून. मग डबा उलटा करून बघायचा, डब्याचं फडकं झटकायचं, पायातल्या चपला आपटायच्या. चपला आपटल्याचा आवाज सगळ्या बिल्डिंगमधून एकाच वेळी येई. आजही कुणी दारात चपला आपटल्या की मला वाटतं, झाली आमच्या बापाची ड्युटी सुरू.

या सगळ्या काळजीला पुरावा म्हणून कॉलनीत एक गोष्ट सांगितली जायची. ती आमच्या समोरच्या जाधव काकांची. जाधव काकांना खाऱ्या दाण्यांचा भारी शौक. एकदा त्यांच्या पँटच्या शिवणीत दाण्याच्या पुडीचा कागद अडकला, धुतला गेला, वाळला, आणि तसाच त्यांच्याबरोबर ड्युटीवर गेला. संध्याकाळी सापडला. हा दाण्याच्या पुडीचाच कागद आहे हे पटवून देण्यात त्यांची संध्याकाळ गेली. नोकरी राहिली, दाणे मात्र कायमचे गेले. काका हे स्वतःच हसत हसत सांगायचे. मोठी माणसंही हसायची. मी हसत नसे. मला त्या गोष्टीचा पुढचा भाग दिसायचा, जो कुणीच सांगत नसे: एक दिवस अण्णांकडे कागद सापडेल, नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, आणि आम्ही ट्रंकेसकट नामपूरला आजोबांकडे परत जाऊ. तिथे माझे काका कांदे पिकवायचे आणि माझ्या वयाच्या चुलत बहिणी कांदे निवडायच्या. मला पुढे रेडिओवर बातम्या द्यायच्या होत्या. कांदे साठवायच्या चाळीत बसून ते कसं जमणार, या विचाराने माझी झोप उडायची. तेरा वर्षांची होते. जगातली सगळी संकटं माझ्याच पत्त्यावर येतात अशी माझी पक्की समजूत. आता हसू येतं, पण त्या वेणीवाल्या पोरीला जवळ घेऊन समजवायला गेले असते तर तिने मलाच चाचपून पाहिलं असतं.

कॉलनीच्या मंडळाची वर्षातून एक सहल निघे. वणीला जाऊन झालं, त्र्यंबकला जाऊन झालं. त्या वर्षी सेक्रेटरी होते हेच जाधव काका. वाचनाची आवड असलेला माणूस सेक्रेटरी झाला की सहलीचं वाटोळं होतं. काकांनी कुठूनसं शोधून काढलं की पंचवटीच्या अंगाला एक फार जुना छापखाना आहे. बंद पडला, पण मालकाच्या नातवाने यंत्रं भंगारात न घालता मांडून ठेवली आहेत आणि तो ती लोकांना दाखवतो. पोथ्या, पंचांगं, लग्नपत्रिका जिथे छापल्या जायच्या ते सगळं बघायचं, वारसा समजून घ्यायचा, आणि दुपारी अंगणात डबे खायचे. हे ऐकून बायकांनी कपाळाला हात लावला. आमची आई बागलाणातली. रागावली की तिची जीभ माहेरी जायची. सहा दिवस छापखानाच करतस ना ह्या माणसं, ती म्हणाली, मग सातव्या दिनले बी तेच का? पण वर्गणी देऊन झाली होती आणि बस ठरली होती.

सहलीच्या दिवशी अण्णांनी खिशाचा शर्ट घातला. घरात तो एकच होता, लग्नकार्याला निघायचा. पांढरा टेरिकॉटचा, डाव्या बाजूला खिसा. त्या खिशाचं काय करायचं हे अण्णांना कधी कळलं नाही. त्यात ते काही ठेवत नसत. मात्र बसमध्ये बसल्यापासून त्यांचा हात दर थोड्या वेळाने तिकडे जायचा, आत काही नाही ना हे बघायचा आणि परत मांडीवर यायचा. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांचा हात खिशाकडे गेला की माझी नजरही तिकडे जायची. बसमध्ये पोरं गाण्याच्या भेंड्या खेळत होती, बायकांच्या पिशव्यांतून तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता, द्वारका चौक ओलांडून बस पुढे गेली, आणि मी बापाच्या रिकाम्या खिशावर पहारा देत होते. अशी माझी सहल.

छापखान्याच्या दारात खाकी कपड्यातला एक म्हातारा राखणदार स्टुलावर बसला होता, गुडघ्यांमध्ये काठी. त्याला बघून माझं लक्ष दुसरीकडे लागेना. प्रेसच्या दारात उभे असतात तसे ते कपडे. आत गेलो तर रॉकेल, शाई आणि जुन्या लाकडाचा असा दाट वास, की घशात बसावा. गुळगुळीत दगड मांडले होते. त्या दगडांवरून म्हणे पूर्वी पोथ्या छापायचे. कप्प्याकप्प्यांच्या लाकडी खणांत शिशाची अक्षरं होती, छापखान्यात त्यांना खिळे म्हणतात. आणि मध्यभागी काळंभोर लोखंडी हातयंत्र, सिंहासारखे पाय असलेलं, वर ओढायचा दांडा. त्याची माहिती सांगायला तिथले जुने छपाईकाम करणारे एक आजोबा होते, धोतर, वर शाईने काळवंडलेला ॲप्रन. त्यांनी फार प्रेमाने विचारलं, कोण ओढतंय दांडा? तुम्ही तर सगळे छपाईतलेच.

कुणी हललं नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं: आमच्या कॉलनीतले सगळे बाप एका रांगेत उभे होते आणि प्रत्येकाने हात पाठीमागे बांधले होते. कुणी सांगितलं नव्हतं. ज्या यंत्रावर आपली ड्युटी नाही त्याला हात लावायचा नाही, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. जाधव काकाही तसेच उभे, आणि त्यांनीच तर सहल काढलेली. आजोबा थोडे हिरमुसले. मग म्हणाले, बरं, एखादं लेकरू येऊ दे पुढे, त्याचं नाव छापून देतो.

पुढे कोण जाणार हे काय सांगायला हवं? शाळेत प्रार्थना म्हणायला पुढे, गॅदरिंगला पुढे, वाढायला पुढे. आईने परकर मागून ओढला, पण परकर तिच्या हातात आणि मी यंत्राजवळ, असं जवळजवळ झालं. आजोबांनी नाव विचारून खिळे जुळवले, शाईचा रूळ फिरवला, लग्नपत्रिकेचा जाड कागद ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवून दांडा ओढला. यंत्राने एक दमदार हुंकार दिला. कागद निघाला. त्यावर होतं: कुमारी सुमन दगा अहिरे, नाशिक रोड. भोवती वेलबुट्टीची चौकट.

मी त्याआधी माझं नाव छापलेलं पाहिलं नव्हतं. वहीवर मी ते शंभरदा लिहिलं होतं, वळण देऊन, खाली रेघ मारून, पण ते माझ्या हाताचं होतं. हे नाव दुसऱ्याच कुठल्या तरी कर्तबगार मुलीचं वाटत होतं. ‘सुमन’मधला ‘म’ किती पोटभर, किती काळा. आजोबा म्हणाले, शाई ओली आहे बेटा, घडी घालू नको. मी मान डोलावली आणि त्या नावाकडे बघत राहिले. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात निर्भेळ आनंदाचा क्षण चहा गाळायला लागतो तेवढा वेळ टिकला. कारण आजोबा बाकीच्या पोरांकडे वळून म्हणाले, तुमची नावं जेवणानंतर. आणि एक ध्यानात ठेवा, खिळे बिळे खिशात घालू नका कुणी. दारात आमचा रामभाऊ झडती घेतो.

ते गमतीने म्हणाले. पोरं हसली. मी दाराकडे पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, कागद तर आजोबांनी स्वतः दिला होता, आणि झडती खिळ्यांची. हे मला आज समजतं. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं: हा छापखाना आहे, दारात खाकी आहे, माझ्या हातात छापलेला ओला कागद आहे, आणि त्या कागदावर सगळ्यांना वाचता येईल असं बापाचं नाव आणि नाशिक रोड. कागद परत देऊन टाकावा, हा साधा विचार मला सुचला नाही असं नाही. सुचला. पण मला तो कागद हवा होता. बाप वाचावा आणि कागदही राहावा, असं दोन्ही मला हवं होतं, आणि म्हणून मी जगातला सगळ्यात हुशार उपाय केला. कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो आमच्या डब्याच्या पिशवीत, पुऱ्यांच्या डब्याखाली सारला. म्हणजे ज्या एका जागी कागद कधीच जाता कामा नये असं मला जन्मापासून बजावलं होतं, नेमका तिथे.

अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली सतरंज्या पसरल्या. मला एक पुरी गिळवेना. आईने कपाळाला हात लावून बघितला. भरीत समोर आलं, चटणी आली, कुणाकडचा गूळ-खोबऱ्याचा सांजा आला, आणि मी नुसती दाराकडे बघत होते. रामभाऊ स्टुलावर बसून केळ खात होता. केळ खाणारा माणूस कुणाची नोकरी घालवेल असं वाटत नाही, पण मी स्वतःला समजावलं की ही त्याची युक्ती असणार.

जेवणं झाली तशी पुरुषमंडळी उठली. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथे जाऊन येऊ म्हणाले. अण्णांनी हात धुतले आणि, सगळं जागच्या जागी ठेवायची सवय, आमची पिशवी उचलली, जाता जाता बसमध्ये ठेवतो म्हणाले. मी तेव्हा पाणी पीत होते. तांब्या तसाच टाकून धावले. अण्णा, मला पुरी पाहिजे. इतका वेळ खाल्लं नाहीस, आता कशाला? पण त्यांनी पिशवी खाली ठेवली. मी खाली वाकले, एका हाताने पुरी काढली, दुसऱ्या हाताने कागद, आणि लिंबाच्या बुंध्यामागे गेले. लपवायला जागा नव्हती. पुरायला वेळ नव्हता. मी कागद पुरीत गुंडाळला आणि खाल्ला.

लग्नपत्रिकेचा कागद कधी खाऊन बघा. नको, बघू नका. तो चावला जात नाही, नुसता फुगतो. पुरी विरघळून गेली आणि कागद तसाच. शाईला रॉकेलची चव होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ‘कुमारी’ गेलं, ‘सुमन’ गेलं, ‘नाशिक रोड’ मात्र बराच वेळ दाढेत अडकून होतं. आणि हे चालू असताना मी बुंध्याआडून दाराकडे बघत होते, कारण तिथे मला ज्याची भीती होती तेच घडत होतं. आमच्या कॉलनीतले सगळे बाप दाराशी पोचताच एकामागे एक रांगेत उभे राहिले. पुढच्याने दोन्ही हात वर केले. मागच्यांनीही केले. अण्णा तिसरे होते. त्यांनी पिशवी उघडून जमिनीवर ठेवली, चपला काढल्या, त्या एकमेकींवर आपटल्या आणि हात वर केले.

रामभाऊ केळ्याची साल हातात धरून उभा राहिला. “काय झालं?” तो म्हणाला. “हात कशाला वर केले तुम्ही लोकांनी?”

मग जाधव काकांना आधी उमगलं आणि ते असे हसत सुटले की खाली बसले. सगळे हसले. हात खाली आले. कुणी रामभाऊच्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, सवय हो, सवय. अण्णा हसले नाहीत. त्यांचे हात सगळ्यात शेवटी खाली आले. चपला पायात घालताना त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि बुंध्याजवळ मी दिसले.

त्याच वेळी आईनेही मला पाहिलं. जाधव काकू तिच्या शेजारी होत्या. “अगं बाई,” काकू म्हणाल्या, “पोरीने मिशरी लावली की काय?”

माझे ओठ, दात, हनुवटी, सगळं काळंकुट्ट झालं होतं. आईने माझा गाल चिमटीत धरला. “हाई काय शे?” ती म्हणाली. “तोंड उघाड.” मी तोंड उघडलं नाही. अजून ‘नाशिक रोड’ आत होतं.

अण्णा येऊन समोर उभे राहिले. त्यांनी मला कागद मिळताना पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

“आजोबांनी दिलेला कागद कुठाय?”

मी गिळलं. “खाल्ला.”

“सगळा?” अण्णांनी विचारलं.

“सगळा.”

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खरोखर सोडला, मी तो ऐकला. एक तुकडाही बाहेर राहिला नाही, हिशेब लागला, असा तो श्वास होता. आणि मग, आपण काय विचारलं आणि आपल्याला कशाचं बरं वाटलं, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता मार बसणार. आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण तसा चेहराही कधी केला नव्हता.

“का खाल्ला?”

“झडती,” मी म्हणाले. आणि भोकाड पसरलं. काळं तोंड, पांढरे डोळे, दोन वेण्या. दृश्य प्रेक्षणीय असणार.

अण्णांनी पंच्याचं टोक तांब्यात बुडवलं आणि माझं तोंड पुसायला लागले. जाधव काका काही विनोद करणार होते, पण त्यांच्याकडे पाहून अण्णांनी मान हलवली, तसे ते गप्प झाले. दाण्याच्या कागदावरून एक संध्याकाळ घालवलेला माणूस. त्यांना पुढचं समजलं असेल. पुसून झाल्यावर अण्णांनी माझं मनगट धरलं आणि मला परत आत नेलं.

छपाईवाले आजोबा खिळे परत खणात सोडत होते. अण्णा म्हणाले, हिचा कागद खराब झाला, आणखी एक मिळेल का? आजोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, विचारलं काही नाही. खिळे पुन्हा जुळवले, रूळ फिरवला, कागद ठेवला आणि मग दांड्यापासून बाजूला झाले. अण्णांचे हात पाठीमागे होते. आजोबा तसेच थांबून राहिले. यंत्र थांबलेलं, आजोबा थांबलेले, बाहेर बायका डबे आवरत असल्याचा आवाज. मग अण्णांचे हात पाठीमागून पुढे आले. माझा बाप रोज कामावर जाऊन काय करतो हे मला माहीत नव्हतं. ते कधी सांगत नसत आणि आम्ही विचारत नसू. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना यंत्राला हात लावताना पाहिलं. दांडा त्यांनी जोराने ओढला नाही. वजन टाकलं, बस्स.

पहिला कागद थोडा तिरका आला. अण्णांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, मागे पुढे केला आणि आजोबांना विचारलं, “हा बाद. कुठे जमा करायचा?”

“जमा कशाला?” आजोबा म्हणाले. “चुलीत जाईल.”

अण्णांनी तो बाद कागद तरीही चुरगळला नाही, यंत्राच्या कडेला नीट सरळ ठेवला. मी आजही चुकलेला कागद चुरगळत नाही. इंदिरानगरला लेकीकडे गेले की नातीच्या प्रिंटरमधून अर्धेमुर्धे कागद निघतात आणि ती ते बोळे करून भिरकावते. मी उचलून सरळ करून ठेवते. ती म्हणते, आजी, तुझं काय चाललंय? मॉलच्या दारातही माझे हात आपोआप वर जातात, तिथली मुलगी म्हणते, आजी, एवढे नको.

दुसरा कागद सरळ आला. अण्णांनी तो माझ्या हातात दिला नाही. शाई ओली होती म्हणून घडी न घालता त्याची सैल सुरळी केली आणि आपल्या शर्टाच्या खिशात उभी ठेवली. सुरळी निम्मी बाहेर होती, वेलबुट्टी दिसत होती. मग ते दाराकडे निघाले. मी मागे. मला वाटत होतं, आता रामभाऊ उठणार. कॉलनीतली माणसं टपरीवरून परतली होती, ती दाराबाहेर उभी होती. ती सगळी अण्णांच्या खिशाकडे बघत होती. प्रेसमध्ये जन्म घालवणाऱ्या माणसांनी खिशात छापलेला कागद घालून छापखान्याच्या दारातून बाहेर येणारा माणूस कधी पाहिला नव्हता.

अण्णा रामभाऊसमोर थांबले आणि त्यांनी हात वर केले. मुद्दाम केले की सवयीने, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. कागद खिशात तसाच, सगळ्यांना दिसेल असा.

रामभाऊ स्टुलावरून अर्धवट उठला, त्याने सुरळीकडे पाहिलं, माझ्या अजून काळ्या असलेल्या हनुवटीकडे पाहिलं. “पोरीचं नाव आहे होय?” तो म्हणाला. “न्या की मग.”

परत येताना अण्णांनी बसमध्ये एक हात पूर्ण वेळ खिशावर ठेवला होता, आणि तो आत काही नाही ना हे बघायला नव्हता. मी त्यांच्या दंडावर डोकं टेकवून झोपले, ती थेट कॉलनीच्या फाटकाशी जागी झाले.

घरी आल्यावर आईने शर्ट बघितला आणि ती हबकली. ओल्या शाईने खिशाला आतून बाहेरून ठसा उठला होता. चौकटीची एक बाजू आणि ‘सुमन’चं उलटं पोट. लग्नकार्याचा एकुलता एक शर्ट. तिने लिंबू चोळलं, मीठ चोळलं, रॉकेलचा बोळा फिरवला, तोंडाने सगळ्या सहलीचा उद्धार चालूच. डाग पसरला, निघाला मात्र नाही. शेवटी तिने ट्रंकेवरून ब्लेड आणलं. खिसा उसवून टाकला की शर्ट निदान घालता येईल, असा हिशेब. तिने शर्ट मांडीवर घेतला तेव्हा अण्णा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि तिच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “हा काही ड्युटीचा शर्ट नाही.”